पलासिओ दु देआंव, केपे: खोल्यांइतकाच वेळ बागेला द्या

दक्षिण गोव्यातल्या केप्याचं हे जुनं घर बघायला येणारे खोल्या आणि फर्निचर बघून वळतात, बाग घाईत उरकतात. तसं करू नका. केपे गाव वसवणारे पोर्तुगीज डीन (चर्चमधले वरिष्ठ धर्माधिकारी) जुझे पावलु द आल्मैद यांनी १७८७ मध्ये घर बांधलं ते जागा हेरूनच: समोर चर्च, मागे टप्प्याटप्प्याने कुशावती नदीकडे उतरणारी बाग. नदीचा देखावा हा या वास्तूचा अर्धा भाग आहे.

देखावा आपोआप टिकत नाही. पावसाळा सरला की काठावरचं रान आवरावं लागतं. सरसकट उपटलं तर माती सुटून काठ ढासळतो, म्हणून मुळं ठेवायची आणि नजरेच्या आड येणाऱ्या फांद्याच उतरवायच्या. उतारावरच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बांधांमागे पाणी साचलं तर भर पावसात बांधाला पोट येतं. तळाशी पाणी जायला भोकं मोकळी हवीत. जुन्या चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा हा तर गोव्यात सगळीकडे चाललेला घात. चिऱ्यात मुरलेलं पाणी आतच अडकतं, गिलावा फुगतो आणि पडताना चिऱ्याचा थरही घेऊन पडतो. तिथे चुनाच हवा.

या घराची निगा मालक मनापासून राखतात. पण त्यांची सत्ता कुंपणापर्यंतच. पलीकडच्या काठावर उद्या काय उभं राहील, हे त्या जमिनीच्या झोनवर, म्हणजे तिच्या ठरवून दिलेल्या वापरावर, ठरतं. गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ ने एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट उघडली. केपे-सांगे भागातल्या लोकांनी म्हणूनच राजपत्रातल्या सूचना वाचत राहावं. हरकतीसाठी मुदत ३० दिवसांची असते. हरकतीत 'वारसा धोक्यात' एवढंच लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि बागेतल्या ठरावीक जागेवरून काढलेला, तो भूखंड खुणेने दाखवणारा फोटो जोडा. डोंगरकापणी दिसली तर याच कायद्याच्या कलम १७अ खाली तक्रार वेगळी करता येते.

मडगावहून अंतर पंधराएक किलोमीटर. आधी फोन करूनच जा. जेवण हवं असेल तर ते आधीच सांगावं लागतं. पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम: कुशावती भरलेली असते आणि उतरणीवरचं शेवाळ वाळलेलं असतं.