आठ महिने वापरलेला प्रवासी कुकर: व्हिएतनाम, दोन पोरं आणि एक हट्टी वास

सप्टेंबरमध्ये घेतला. १.२ लिटर, ६०० वॉट, आत स्टीलचं भांडं, काचेचं झाकण, सोबत वाफवायची छोटी जाळी. सोळाशेच्या आसपास पडला. दिवाळीच्या सुट्टीत हनोई आणि होई आन असे अकरा दिवस जायचं होतं; थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाचची. सासूबाईंचं एकच पालुपद, "पोरं उपाशी मरतील तिकडे." म्हणून हा कुकर, दोन किलो डाळ-तांदूळ आणि मेतकुटाची बरणी.

कुकर चालतो, आणि चांगला चालतो. व्हिएतनाममध्ये वीज २२० व्होल्टचीच, त्यामुळे व्होल्टेजची काळजी नाही. आपली जाड तीन पिनांची प्लग मात्र तिथे सहसा बसत नाही. अडॅप्टर घरूनच न्या. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पंचवीस मिनिटं. उकळी आली की फेस थेट टेबलावर, म्हणून झाकण तिरकं ठेवून शेजारी उभं राहावं लागतं. आणि हो, खोलीत शिजवायला सगळीकडे परवानगी नसते, आधी विचारा. आम्हाला हनोईत नाश्त्याच्या कोपऱ्यात जागा दिली, होई आनला घरमालकिणीने स्वयंपाकघरच दिलं.

गोची अशी झाली की कुकर फारच चांगला चालला. पहिले दोन दिवस पोरं दोन्ही वेळा खिचडीच खात होती आणि बाहेर गेलं की तोंड घट्ट मिटून बसत होती. म्हणजे विमानाचं तिकीट काढून आम्ही पुण्याचीच खिचडी खात होतो! तिसऱ्या दिवशी मी वेळ बदलली. साडेपाचला अर्धी वाटी मऊ भात, वर तूप-मेतकूट, बस्स. सातला बाहेर. कडकडून भूक लागलेलं पोर ओळखीचंच मागतं. पोटाला आधार असला की दुसऱ्याच्या ताटात बोट घालून बघतं. या कुकरचा मला झालेला खरा उपयोग हाच.

सकाळी तर त्याची गरजच उरली नाही. हनोईत फूटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून 'सोय सेओ' खाल्लं. हळदीने पिवळा केलेला चिकट भात, त्यावर शिजवलेल्या मुगाच्या घट्ट गोळ्याचे सुरीने सपासप पाडलेले पातळ काप, वर तळलेला कांदा, खाली केळीचं पान. २०,००० डोंग, म्हणजे साधारण पासष्ट रुपये. धाकटी म्हणाली, "आई, ही खिचडी सुकलीये." आणि पान चाटून पुसून साफ केलं. होई आनचा 'कॉम गा', म्हणजे चिकनच्या पाण्यात शिजवलेला पिवळा भात, दोघांनीही सलग तीन दिवस खाल्ला. 'बान सेओ' म्हणजे हळद घातलेलं कुरकुरीत तांदळाचं घावनच. सोबतच्या पाल्याच्या परडीला मात्र थोरल्याने हात लावला नाही. 'फो', म्हणजे शेवयांचं सूप, साफ नापास: "मसालेभाताचा वास येतो, मग भात कुठंय?" चक्रीफूल-दालचिनीचा दोष, दुसरं काय.

दोन शब्द पाठ करून जा: 'चाय' म्हणजे शाकाहारी आणि 'काय' म्हणजे तिखट. पोरं पाच दिवस "काय काय?" करत खिदळत होती.

आता तक्रार. होई आनला उरलेल्या शेवया मी मासळीच्या सॉससकट, म्हणजे 'नुओक माम'सकट, यात गरम केल्या. झाकणाच्या रबरी रिंगने तो वास असा धरला की दोन महिने साधं पाणी उकळलं तरी मासळीबाजार. लिंबू झालं, सोडा झाला, चार दिवस कडक ऊन झालं. सुटी रिंग मिळेल का म्हणून कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर नाही. वास शेवटी आपणहून गेला, पूर्ण नाही. त्यात वायर आखूड आहे, वजन किलोच्या वर आहे. आणि रेल्वेने जाताना वापरू म्हणाल तर विसरा, डब्यातल्या चार्जिंग सॉकेटला असली उपकरणं लावायला बंदी आहे.

चारजणांचं जेवण यात होत नाही. दोन लहान मुलं असतील तर घ्या, मोठी असतील तर पैसे वाचवा.

सध्या तो ओट्यावर शनिवारी निघतो. पोरांना सोय सेओ हवं असतं. खरा चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवतात. मी इंद्रायणीवर भागवते, जाळीत दोघांपुरतंच मावतं. भात जमतो. मुगाचा गोळा मात्र सुरी लावली की फुटतो, आणि धाकटी दर वेळी सांगते, त्या काकूंचा नव्हता फुटत.