तासगावच्या द्राक्षबागांसाठी मॅटप्लॉटलिब : फाइल ओढा, आलेखावर सोडा

तासगाव भागात मी द्राक्षबागायतदारांना सल्ला देतो. बागांमधल्या हवामान यंत्रांच्या सीएसव्ही, म्हणजे नोंदींच्या साध्या तक्त्याच्या, फाइल माझ्याकडे येतात. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतो, कुणी पेन ड्राइव्ह खिशात घालून थेट ऑफिसात येतो. ऑक्टोबरची फळछाटणी झाली आणि आभाळ भरून आलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा फवारा आज घ्यायचा का? पान रात्री किती तास ओलं होतं आणि तेव्हा तापमान काय होतं, हे शेजारी शेजारी बघितल्याशिवाय याचं उत्तर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. भुरी या दुसऱ्या रोगाची गोष्ट वेगळी, तिला ओलं पान लागत नाही. डाऊनीला लागतं.

हे बघायला मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब वापरतो. जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञाने मेंदूतले विद्युत संकेत तपासायला ते लिहायला घेतलं, 2003 मध्ये ते लोकांसमोर आलं आणि आजही ते मोफत आहे. भिंगाचं बटण दाबून पहाटेचे चार तास मोठे करून बघता येतात, हाताने आलेख पुढेमागे सरकवता येतो. पण आलेखाच्या या खिडकीत 'फाइल उघडा' असं बटणच नाही. दर फाइलीला कोडमध्ये जाऊन नाव बदलायचं, आणि समोर चार शेतकरी बसलेले. ते काम तसं चालत नाही.

म्हणून फाइल ओढून थेट आलेखावर सोडायची सोय जोडून घेतली, आणि या खिडकीबद्दल लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. क्यूटी म्हणजे खिडक्या आणि बटणं बनवायचं साधन. मॅटप्लॉटलिब क्यूटीवर चालत असेल तर आलेखाचा कॅनव्हास हा क्यूटीचाच एक विजेट, म्हणजे खिडकीचा एक भाग, असतो. त्याला 'सेटॲक्सेप्टड्रॉप्स', म्हणजे सोडलेली फाइल घे, असं सांगायचं. मग दोन घटना हाताळायच्या: फाइल खिडकीवर आली की ती स्वीकारायची, आणि सोडली की तिचा पत्ता वाचायचा. पत्त्यांची यादीच मिळते, त्यामुळे नदीकाठची बाग आणि माळावरची बाग अशा दोन फाइल एकदम टाकल्या तरी दोन रेघा येतात, फाइलच्या नावासकट. "दादा, आमच्या बागेचं दाखवा की," म्हणणारा आता स्वतःच माऊस हातात घेतो. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या बागेची रेघ शेजाऱ्याच्या रेघेवर चढलेली दिसली की फवारा का घ्यायचा हे त्याला मी वेगळं सांगावं लागत नाही.

बारकावे मात्र पाळावे लागतात. नवी फाइल आल्यावर अक्षांच्या मर्यादा पुन्हा मोजायला लावायच्या आणि टूलबारचा, म्हणजे खिडकीतल्या बटणांच्या पट्टीचा, इतिहास पुसायचा. नाहीतर मूळ दृश्यावर नेणारं घराचं बटण दाबलं की खिडकी आधीच्या फाइलीच्या मापावर जाते. फाइल वाचण्याचा भाग ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे चूक पकडणाऱ्या कोडमध्ये, ठेवलाच पाहिजे. पायक्यूटीच्या (पायथॉनमधून क्यूटी वापरायच्या पॅकेजच्या) घटनेत न पकडलेली चूक झाली तर सगळा प्रोग्रॅमच बंद पडतो, आणि यंत्राच्या फाइलीत एखादी तुटकी ओळ असतेच. तारखेचं तर विशेष सांभाळा. फाइल वाचणाऱ्या पांडाज या पायथॉन पॅकेजला 'दिवस आधी' असं सांगितलं नाही तर 03/11 म्हणजे तो 11 मार्च समजतो. छाटणीनंतरची रात्र उन्हाळ्यात जाऊन बसली तर सल्ल्याला काय अर्थ राहिला?

विंडोजवर आणखी एक गोष्ट. प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला तर साध्या फोल्डरमधून ओढलेली फाइल तो घेत नाही, माऊसपाशी नुसती मनाईची खूण दिसते. कोडमध्ये दोष शोधत बसण्याआधी हे तपासा.

क्यूटी बसवलेलं नसेल तर विंडोजवर बहुधा टीके या दुसऱ्या साधनाची खिडकी उघडते. बाहेरून ओढलेली फाइल घेण्याची सोय टीकेमध्ये मुळात नाही, त्यासाठी टीकेडीएनडी हे जोड-पॅकेज घालावं लागतं. मी म्हणेन सरळ क्यूटी घ्या. ज्युपिटरच्या (ब्राउझरमध्ये कोड चालवायच्या साधनाच्या) नेहमीच्या वहीत तर आलेखाचं नुसतं चित्रच उमटतं, तिथे हा विषयच नाही.

मराठी अक्षरांवर मात्र मी नाराज आहे. मूळच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, सगळे चौकोन दिसतात. देवनागरी फाँट दिला तरी माझ्याकडच्या आवृत्तीत वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट बसत नाहीत. 'आर्द्रता' हा शब्द अक्षावर वाचवत नाही. ज्यांच्यासाठी आलेख काढायचा त्यांनाच तो इंग्रजीत वाचायला लावणं मला पटत नाही, म्हणून अक्षांची नावं मी आलेखातून काढून क्यूटीच्या लेबलमध्ये, खिडकीच्या कडेला लिहितो. तिथे 'आर्द्रता' स्वच्छ दिसते.