जुन्या पिकअपचे ब्रेक: किट टाकायचं की नवीन बसवायचं?

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम झाला किंवा मास्टर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल ढकलणारा सिलिंडर) गळायला लागला की गॅरेजात एकजण म्हणतो किट (नवीन रबरी सीलांचा संच) टाक, दुसरा म्हणतो सगळं नवीन घे. माझं स्पष्ट मत, दोन्ही पार्टना एकच न्याय लावू नका. मी बोलतोय जुनी बोलेरो पिकअप, टाटा एस अशा गाड्यांबद्दल, पुढे डिस्क मागे ड्रमवाल्या. मोठ्या ट्रकचे एअर ब्रेक हा वेगळा विषय.

आधी कॅलिपर. चाक तापतंय, गाडी एका अंगाला ओढते, जॅकवर उचललं तरी चाक हाताने फिरत नाही. लगेच कॅलिपर खोलू नका, आधी त्याच्यावरचं हवा काढायचं निपल सैल करा. ऑईलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर मागे लाईनमध्ये अडकलंय, बरेचदा रबरी होज आतून सुजलेला असतो, ऑईल जातं पण परत येत नाही, आणि अशा वेळी नवीन कॅलिपर घेतला तरी चार दिवसांनी तेच रडगाणं. निपल सोडूनही चाक घट्टच असेल तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा गाईड पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो) जाम. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाडच आहे असं दिसलं तर बहुतेक पिनाच, त्या साफ करून रबराला चालणारं ग्रीस लावा, भागतं. साधं चासीचं ग्रीस नको, रबर फुगतं.

पिस्टन जाम असेल तर मी किटच्या बाजूने आहे. कारण कॅलिपरमध्ये सील बॉडीच्या खाचेत बसतं आणि पिस्टन त्याच्यावरून सरकतो, म्हणजे गुळगुळीत पाहिजे तो पिस्टन. त्याला गंजाचे खड्डे पडले असतील तर किटबरोबर पिस्टनही नवा घ्या, बॉडी चालून जाते. फक्त खाच आणि निपलचे आटे शाबूत हवेत.

मास्टरचं बरोबर उलटं. तिथे सील पिस्टनवर असतं आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घासत पळतं, त्यामुळे बोअरला खड्डे पडले की नवीन सील पण थोड्या दिवसांत कापलं जातं. काहीजण बोअरला एमरी पेपर घासून किट टाकतात, अॅल्युमिनियमच्या बोअरला ते अजिबात करू नका, वरचा कडक थर निघून जातो. किट काहीशे रुपयांचं, नवीन मास्टर काही हजारांचा, तरी इथे मी नवीनच घेईन. घाट उतरताना पेडल खाली गेलं तर ते पैसे कुठून आणणार. जुन्या बाजारातला मास्टर तर फुकट मिळाला तरी नको, आतला बोअर बाहेरून दिसत नाही.

गळती बाहेर दिसत नाही आणि ऑईल मात्र कमी होतंय? मास्टर बूस्टरपासून (पायाचा जोर वाढवणारा मागचा डबा) सुटा करून मागे बघा, ऑईल बूस्टरमध्ये जात असेल. ऑईल कमी होत नाही पण पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसतंय, तर मास्टरचं सील आतल्या आत ऑईल सोडतंय. दोन्हीला उत्तर एकच, मास्टर बदला.

आणि फक्त कॅलिपरचंच काम केलं असेल तर हवा काढताना जुन्या मास्टरचं पेडल पार तळापर्यंत दाबू नका, रोज जिथवर सील जात नाही तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो, त्यावरून सील गेलं की चांगला चालणारा मास्टर त्याच दिवशी गळायला लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि मग दाबा.