४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि डिझेलचा हिशोब : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही ४५ अश्वशक्तीच्या वर्गातला, तीन सिलिंडरचा, टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. आमची शेती यावल तालुक्यात असून तिचा मोठा भाग तापीकाठची भारी काळी जमीन आहे, तर उरलेला तुकडा सातपुड्याच्या पायथ्याकडचा, हलका आणि गोटाळ आहे. कपाशी, केळी, मका आणि हरभरा ही पिके असल्यामुळे नांगरटीपासून ट्रॉलीपर्यंत सगळी कामे या एकाच ट्रॅक्टरकडून करून घेतली आणि प्रत्येक कामाला किती डिझेल लागले ते वहीत लिहून ठेवले. कंपनीचे नाव येथे देत नाही. त्याचे कारण असे की, याच मॉडेलचा ट्रॅक्टर गावात आणखी दोघांकडे आहे आणि तिघांच्या ‘अ‍ॅव्हरेज’मध्ये इतका फरक पडतो की, तो आकडा कंपनीच्या नावावर खपवणे योग्य होणार नाही.

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘ताशी किती खातो?’ हा, आणि विक्रेत्याकडे त्याचे उत्तर तयार असते : तीन लिटर, फार तर साडेतीन. वर्षभराच्या नोंदींवरून माझे ठाम मत झाले आहे की हा प्रश्नच अपुरा आहे. ट्रॅक्टर ताशी दोन लिटरमध्येही चालतो आणि ताशी सात लिटरही घेतो; त्या तासात जमीन किती झाली, किती खोल झाली आणि कोणत्या अवजाराने झाली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शेतकऱ्याने हिशोब धरायचा तो एकरी लिटरचा.

मोजणीची पद्धत साधीच ठेवली. सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करून टाकी तोंडापर्यंत भरायची, ठरावीक क्षेत्राचे काम पूर्ण करायचे, त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून पुन्हा उभा करायचा आणि मापाने ओतून टाकी पुन्हा तोंडापर्यंत भरायची. जागेचा उतार बदलला तरी एक-दोन लिटरचा घोळ होतो. डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबून राहणे उपयोगाचे नाही.

तासांच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आमच्या ट्रॅक्टरवर आहे तसे यांत्रिक अवरमीटर घड्याळाप्रमाणे चालत नाही. ते इंजिनच्या फेऱ्यांवर चालते. इंजिन ठरावीक फेऱ्यांवर असेल तेव्हाच मीटरचा तास आणि घड्याळाचा तास जुळतो. कमी रेसवर ट्रॉली ओढताना घड्याळाचा तास उलटून जातो, तरी मीटर बरेच मागे राहिलेले असते. त्यामुळे मीटरच्या तासांनी भागले की हलक्या कामाचा खर्च आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. पारावर ‘माझा इतका खातो, तुझा तितका खातो’ असा वाद रंगतो, तेव्हा दोघे वेगवेगळ्या तासांबद्दल बोलत असण्याची शक्यता बरीच असते.

आता आकडे. पऱ्हाटी काढल्यानंतरची उन्हाळी नांगरट आम्ही दोन फाळी पलटी नांगराने, साधारण नऊ-दहा इंच खोल करतो. हलक्या जमिनीत एकरी आठ लिटरच्या आसपास डिझेल लागले. भारी काळ्या जमिनीत तेच काम अकरा ते बारा लिटरवर गेले, आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास, जमीन उन्हाने तडकून दगडासारखी झाली होती तेव्हा, एका पट्ट्यात चौदा लिटरपर्यंत पोहोचले. म्हणजे ट्रॅक्टर तोच, नांगर तोच आणि चालकही तोच असताना केवळ जमिनीच्या अवस्थेमुळे खर्च जवळजवळ पावणेदोनपट झाला. केळीच्या रानात थोडी ओल शिल्लक असताना, वापशावर केलेली नांगरट याहून कितीतरी स्वस्त पडली आणि ढेकळेही लहान निघाली, त्यामुळे पुढची रोटाव्हेटरची एक पाळी वाचली. डिझेलची सर्वांत मोठी बचत अशी तारीख निवडण्यातच आहे. पण कापूस वेचणी लांबते, मजूर मिळत नाहीत, आणि वापसा निघून जातो.

पाच फुटी रोटाव्हेटरला भारी जमिनीत पहिल्या पाळीला एकरी सहा-साडेसहा लिटर आणि दुसऱ्या पाळीला पाच लिटर लागले. केळीचा बाग मोडल्यानंतर खोडे आणि कंद रानात पसरलेले असताना मात्र हा हिशोब कोलमडतो, कारण ओली खोडे पात्यांना गुंडाळली जातात, इंजिन दमते आणि मागून काळा धूर निघू लागतो. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तो सतत दिसत असेल तर गिअर खाली घ्यावा किंवा अवजार थोडे उचलावे. नऊ दाती कल्टीव्हेटरला एकरी अडीच लिटर आणि हरभऱ्याच्या पेरणीला दोन लिटरच्या आतच डिझेल लागले. या दोन्ही कामांत ट्रॅक्टरविषयी तक्रारीला जागा नाही.

‘रोटाव्हेटरवरही तीनच लिटर’ असे जो सांगतो, त्याला एक साधा हिशोब विचारून पाहावा. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम भरते. चांगल्या स्थितीतल्या ट्रॅक्टर इंजिनाला भाराखाली एक किलोवॅट-तास काम करण्यासाठी २५० ते २७० ग्रॅम डिझेल लागते, म्हणजेच एका लिटरमधून जेमतेम तीन-सव्वातीन किलोवॅट-तास काम निघते. तीन लिटरमधून ताशी नऊ-दहा किलोवॅट, म्हणजे बारा-तेरा अश्वशक्ती मिळते. भारी जमिनीत रोटाव्हेटर तेवढ्यावर फिरत नाही. तेव्हा एक तर पाती वरवर खरडत असतील किंवा सांगणाऱ्याने मधली उभी राहण्याची वेळही तासांत धरली असेल.

ग्रॅम प्रति किलोवॅट-तास हा आकडा कोणालाही पाहता येतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरची चाचणी होते आणि अहवालात पीटीओवरील (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरील) शक्ती व इंधनाचा विशिष्ट वापर दिलेला असतो. अहवालात नेहमीच्या तापमानाबरोबरच ४३ अंशांच्या आसपासच्या तापमानातील चाचणीही असते. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणे नवे नाही, त्यामुळे मी पुस्तिकेतील रंगीत पानापेक्षा अहवालातला तो तक्ता आधी पाहायला सांगेन. दोन मॉडेलची तुलना करायची तर याच तक्त्यावरून करावी, विक्रेत्याच्या शब्दावरून नको. मात्र तो तक्ता फक्त इंजिनाची कुवत सांगतो. ते डिझेल शेतात किती वाया जाईल हे त्यात नसते.

वाया जाण्याची मुख्य जागा म्हणजे मागची चाके. नांगरटीत चाक फिरते तितके ट्रॅक्टर पुढे जात नाही, हे डोळ्यांना दिसते, पण किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. मागच्या टायरवर चुन्याची रेघ मारून, नांगर उचललेला असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजले : ३९ मीटर. नांगर लावून त्याच दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ३० मीटरच गेला. म्हणजे चाकाच्या फिरण्यातील जवळपास पाव भाग मातीत गेला. साधारणपणे आठ ते पंधरा टक्के घसरण चालवून घ्यावी असे मानले जाते. टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरले, हवेचा दाब रस्त्यासाठी ठेवलेला होता तो शेतापुरता उतरवला, टॉप लिंक (नांगराला वरून जोडणारा दांडा) नीट लावून दोन्ही फाळ एकसारखे खोल जातील असे केले आणि हायड्रॉलिकचा ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली की अवजार आपोआप थोडे उचलणारी सोय) वापरायला सुरुवात केली. त्यानंतर तेच अंतर ३४ मीटर आले आणि भारी जमिनीतला खर्च एकरी लिटरभराने उतरला. यासाठी पैसा जवळजवळ लागला नाही. गैरसोय इतकीच की ट्रॉलीच्या हंगामात तेच पाणी रस्त्यावर फुकट वाहून न्यावे लागते आणि दरवेळी काढण्या-भरण्याचा कंटाळा येतो. आम्हीही पाणी आतच ठेवून फक्त हवेचा दाब वाढवतो.

हलक्या कामात उलट युक्ती लागू पडते. पेरणी, वखरपाळी, रिकामी किंवा अर्धी भरलेली ट्रॉली या कामांना इंजिनाची निम्मीही शक्ती लागत नाही. तेव्हा एक गिअर वर टाकून रेस खाली घेतली की वेग तोच राहतो आणि डिझेल स्पष्टपणे कमी लागते. आमच्या सालदाराला हे पटवायला वेळ लागला, कारण इंजिनाचा आवाज मोठा असला की काम जोरात चालले आहे अशी त्याची जुनी समजूत आहे. इंजिन गुदमरून थरथरू लागले किंवा धूर काळा पडला तर गिअर पुन्हा खाली घ्यायचा, एवढे पथ्य पाळावे लागते. फवारणी पंपासाठी या ट्रॅक्टरमधील इकॉनॉमी पीटीओ उत्तम आहे. त्यात पीटीओच्या ५४० फेऱ्या इंजिनाच्या कमी रेसवर मिळतात. जड रोटाव्हेटरला तो लावू नये, इंजिन मान टाकते.

ट्रॉलीचा हिशोब मी तासावरच ठेवला आहे. भरलेल्या ट्रॉलीला ताशी साडेतीन लिटरच्या आसपास जाते. केळीच्या दिवसांत खरा खर्च वाहतुकीपेक्षा थांबण्याचा असतो : घड भरले जात असताना, व्यापाऱ्याच्या माणसाची वाट पाहताना, बांधावर गप्पा मारताना ट्रॅक्टर चालूच राहतो. उभ्या ट्रॅक्टरला ताशी पाऊण ते एक लिटर लागते, आणि लिटरला नव्वदच्या पुढे रुपये मोजताना हे लहान वाटत नाही. बॅटरी चांगली असेल तर बंद करून पुन्हा चालू करण्यात काहीच अडचण नसते. बॅटरी दुबळी असेल तर चालक इंजिन बंद करायला धजत नाही, म्हणून बॅटरीचा खर्चही मी डिझेलच्याच खात्यात धरतो. जाता जाता एक सांगतो : पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीत हा ट्रॅक्टर शिरत नाही, तेथे लहान ट्रॅक्टरच हवा.

देखभालीत आमच्या भागापुरती महत्त्वाची गोष्ट धूळ आहे. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालवला की एअर फिल्टर काही तासांतच गच्च होतो आणि रेडिएटरच्या जाळीवर कापसाचे तंतू व काडीकचरा बसतो. फिल्टर साफ करण्याआधी आणि केल्यानंतर एकाच रानात मोजले तेव्हा रोटाव्हेटरला एकरी अर्ध्या लिटरचा फरक आढळला. डिझेल कॅनमधून ओतताना जाळीचा नरसाळा वापरावा, आणि पावसाळ्यात टाकी रात्री रिकामी न ठेवता संध्याकाळीच भरावी, म्हणजे आत पाणी साचत नाही.

या ट्रॅक्टरविषयी नाराजीही आहे. टाकीचे तोंड अशा जागी आहे की कॅनने भरताना सांडल्याशिवाय राहत नाही; डिझेलचा काटा पाव टाकी शिल्लक असतानाच शून्यावर टेकतो; आणि पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये टॅपेट (इंजिनाच्या झडपांची यंत्रणा) तपासल्याचे कागदावर लिहिले गेले, पण प्रत्यक्षात झाकण उघडलेच गेले नव्हते, हे त्यावरच्या अखंड रंगावरून कळले. पुढची सर्व्हिसिंग मी समोर उभा राहून करून घेतली. तेव्हा टॅपेटचे अंतर बसवल्यावर सकाळी सुरू करतानाचा पांढरा धूर गेला. डिझेलमध्ये फरक पडला असेल तर तो माझ्या मापात पकडण्याइतका नव्हता.

भाड्याच्या कामात मालक आणि चालक यांची ओढ वेगवेगळी असते, तेही नोंदीत उतरले. एकरी दर ठरला की फाळ वर येतो, आणि ताशी दर ठरला की गिअर खाली येतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावणाऱ्याने एकरी दर ठरवून खोली स्वतः काडीने मोजलेली बरी. स्वतःचा ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्याने भारी जमिनीतल्या नांगरटीचा दर हलक्या जमिनीपेक्षा निदान तीन-चार लिटर डिझेलच्या किमतीने जास्त ठेवावा. आमच्याकडे दोन्हींना एकच दर लावण्याची रीत आहे आणि त्यात भारी जमिनीची नांगरट करणारा तोट्यात जातो.

पंधरा-वीस एकर स्वतःची जमीन, त्यात कपाशी-हरभरा आणि ट्रॉलीचे काम, अशी ज्यांची गरज आहे त्यांना ४५ अश्वशक्तीचा हा वर्ग मी निःशंकपणे सुचवेन. वर्षातील बहुतेक कामे हलकी असतात आणि तेथे तो काटकसरीने वागतो. ज्यांचा मुख्य धंदाच तापीकाठच्या काळ्या रानात पलटी नांगराचे भाडे मारण्याचा आहे, त्यांनी मात्र फोर व्हील ड्राइव्हचा विचार करावा, कारण घसरणीत जाणारे डिझेल तेथे वाचते. ५० अश्वशक्तीच्या वर जायचे असेल तर १ जानेवारी २०२३ पासून त्या वर्गाला ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले असून इंधनाची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते. तेव्हा किंमत आणि डिझेल यांच्या जोडीला आपल्या तालुक्यात त्याची दुरुस्ती करणारा मेकॅनिक आहे का, हेही विसार देण्याआधी विचारून घ्यावे.