लाल कापडी बांधणीची रोजकीर्द : चार वर्षांच्या वापरानंतर

आमचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे आणि बराचसा माल उधारीवर जातो. बाजारपेठेतील एका जुन्या वहीविक्रेत्याकडून घेतलेली 200 पानी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही, आम्ही चार वर्षे वापरत आहोत.

या वहीचे खरे मोल तिच्या शिलाईत आहे. पाने दोऱ्याने शिवलेली असून प्रत्येकावर छापील क्रमांक आहे, त्यामुळे मधले पान फाडले तर लगेच उघडकीस येते. ही बाब क्षुल्लक नाही. राजकारण्यांना पैसे दिल्याच्या आरोपांच्या जैन हवाला प्रकरणात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाइलीतील सुट्या कागदांना हिशेबाची वही मानण्यास नकार दिला होता. नियमित ठेवलेल्या वहीतील नोंदसुद्धा एकटी कोणावर देणे लादू शकत नाही, तिला अन्य पुराव्याची जोड लागते. म्हणून तपशिलाशेजारी पट्टीने रेघ ओढून मी माल घेणाऱ्याच्या सहीसाठी जागा करतो. हा रकाना छापील नसणे ही या वहीची सर्वांत मोठी उणीव आहे.

पूर्वी आम्ही चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवत असू. एका ठेकेदाराने 80 पोती सिमेंट मिळालेच नाही असे सांगितले, चिठ्ठी सापडली नाही आणि ती रक्कम बुडाली. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ग्राहकाशी तसाच वाद झाला, तेव्हा वहीतील तारीख, गाडीचा क्रमांक आणि स्वतःच्या मुलाची सही पाहून त्यांनी बाकी मान्य केली व त्याच नोंदीखाली तसे लिहून सही केली. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारणतः 3 वर्षांची असते, मात्र ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास मुदत तेव्हापासून नव्याने सुरू होते. त्या दोन ओळींचे महत्त्व प्रत्येक दुकानदाराने जाणावे, असे मला मनापासून वाटते.

कागद थोडा पातळ आहे. पावसाळ्यात जेल पेनाची शाई पसरते, त्यामुळे बॉलपेनच वापरावे. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. बांधणी तेवढा काळ टिकेल असे आजवरच्या वापरावरून दिसते. मोबाइलवरील उधारीचे ॲप बाकीची आठवण पाठवण्यासाठी आम्हीही वापरतो, परंतु माल उतरवताना सही वहीतच घेतो.

येत्या लक्ष्मीपूजनासाठी दोन वह्या सांगितल्या आहेत, आणि त्यांत सहीचा रकाना छापून देण्याचे विक्रेत्याने मान्य केले आहे.