सोळा एमएमची सर्व्हिस वायर: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत

चोपडा तालुक्यातल्या आमच्या घराची सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर, गुढीपाडव्याच्या आठवड्यात बदलली. जुनी चार एमएमची (म्हणजे तारेचा छेद चार चौरस मिलिमीटर) अॅल्युमिनियम, नवी सोळा एमएमची, तीही अॅल्युमिनियमच. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

जुनी वायर वडिलांच्या वेळची. तेव्हा घरात चार दिवे नि दोन पंखे. मग फ्रिज, कूलर, एक एचपीची मोटर आणि शेवटी दीड टनाचा एसी आला, वायर तीच. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मोटर लावली की एसी घरघरून बंद पडायचा. एका रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला. मेनस्विचपाशी वायरचं कव्हर फुगून तडकलं होतं. आत अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून वर टेप मारलेला, आणि सांध्यावर पांढरट भुकटी. घरात लहान मुलं झोपलेली होती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पहिल्या वायरमनचं म्हणणं, ‘चार एमएम एवढा लोड सहज ओढते.’ त्याने अंतर धरलंच नव्हतं. खांबापासून आमचं मीटर 45 मीटर. करंट फेजने येतो, न्यूट्रलने परत जातो, म्हणजे तार 90 मीटर. चार एमएम अॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला साधारण 7.4 ओहम. 20 अँपिअर ओढले की तेरा व्होल्ट वायरमध्येच जातात. सोळा एमएममध्ये साडेतीनच्या आत. वायर जळणार नाही एवढं पाहून भागत नाही. शेवटच्या टोकाला व्होल्टेज किती उरतं तेही पाहावं लागतं. व्होल्टेज पडलं की मोटर आणि कॉम्प्रेसर उलट जास्त करंट ओढतात.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. वायर किती करंट झेलते त्याच्या तक्त्यातले अँपिअर बहुधा 40 अंशांची हवा धरून दिलेले असतात. जळगावकडे मे महिन्यात सावलीतच 45 होतं. तेवढ्यात साध्या पीव्हीसी वायरची क्षमता नऊ टक्क्यांनी घटते, आणि तापलेल्या पत्र्याला लागून गेली असेल तर आणखी.

शेजारचे काका म्हणाले, “कसाले इतला खर्च करस भो?” यंदाच्या मे महिन्यात त्यांच्यासमोरच व्होल्टेज मोजायचं मीटर लावून दाखवलं. जुन्या वायरवर सगळं बंद असताना 226 व्होल्ट आणि सगळं चालू केल्यावर 209 व्हायचं. आता 219 राहतं. स्टॅबिलायझर काढून ठेवला.

तांबं घ्यायचं तर दहा एमएम अॅल्युमिनियमच्या जागी सहा एमएम चालतं, रोध जवळपास सारखाच. अंतर पंधरा-वीस मीटर असतं तर मीही दहावरच थांबलो असतो.

त्रासही सांगतो. सोळा एमएम जड असते, जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा आधार लागतोच. मीटरच्या टर्मिनलमध्ये ती सरळ बसत नाही, तिच्या टोकाला पिन लग (बारीक टोकाची धातूची टोपी) पंच करून घ्यावे लागतात, आणि मीटरचं सील वीज कंपनीच्या माणसानेच उघडायचं. जिथे तांब्याला जोडायची तिथे बायमेटल लगच, म्हणजे एका बाजूला अॅल्युमिनियम नि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल ठेवायचं राहून गेलं होतं. पहिल्या पावसात पाणी तिच्यावरून ओघळत बोर्डापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी झोल करून घेतला.

अॅल्युमिनियम मऊ, स्क्रूखाली दबत जातं. म्हणून दिवाळीआधी स्क्रू तपासायला वायरमनला बोलावून खांबावरूनच सप्लाय बंद केला, कारण मेनस्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला करंट असतोच. चारपैकी दोन स्क्रू पाव-पाव फेरा आवळले गेले.