बिझनेस ग्राहकांची सवलत आणि कुरिअरचं वजन: सोलापुरी टॉवेल ऑनलाइन विकतानाचा अनुभव

दिवाळीच्या थोडं आधी आम्ही ऑनलाइन दुकानात बिझनेस ग्राहकांसाठी वेगळा भाव सुरू केला. जीएसटी नंबर टाकून खरेदी करणाऱ्यालाच हा भाव दिसतो आणि नग वाढले की सवलतही वाढते. मार्केटप्लेसवर ही सोय तयारच मिळते. आमच्या स्वतःच्या साइटवर ती एका ॲपने जोडून घेतली. दोन्ही ठिकाणी इतके महिने वापरल्यावर आता बोलायला हरकत नाही. मार्केटप्लेसचं आणि कुरिअरचं नाव मात्र लिहीत नाही.

आमचा मुख्य माल म्हणजे सलूनमध्ये लागतो तो छोटा टेरी टॉवेल. किरकोळ भाव ८० रुपये, वजन साधारण ९५ ग्रॅम. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण सलूनवाल्याला त्याचं काही नाही. त्याचा पहिला प्रश्न ‘डझनाला काय?’ आणि दुसरा ‘पोच धरून ना?’ या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच हिशोबातून निघतात, हे ही सोय वापरताना पक्कं कळलं.

सवलतीच्या पायऱ्या भरायला गेलात की सिस्टीम आपणहून ५, १०, २० नग असे आकडे सुचवते. दिसायला ते गोल आणि छान आहेत, पण कुरिअरच्या वजनाशी त्यांचा काही संबंध नाही. कुरिअर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी पैसे लावतं. चार टॉवेल आणि पिशवी मिळून ४१० ग्रॅम भरतात, म्हणजे अर्ध्या किलोत बसतात. पाच टॉवेल केले की पिशवीसकट ५०५ ग्रॅम होतात आणि पाच ग्रॅमसाठी पूर्ण एक किलोचं बिल लागतं. म्हणजे ‘५ घ्या, सवलत मिळवा’ ही पायरी दोन्हीकडून कापते: भाव आपण उतरवायचा आणि भाडंही आपणच वाढवून घ्यायचं.

दुसरी गोष्ट आकारमानाची. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. येणारा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा मोठा असेल, तर भाडं त्या आकड्यावर लागतं. टेरी कापड फुगतं, त्यामुळे आमच्या धंद्यात हा हिशोब फार बोचतो. ४० बाय ३० बाय २५ चा खोका घेतला तर आकारमानाचं वजन ६ किलो निघतं. तोच माल दाबून, सुतळीने बांधून २० सेंमी उंचीच्या खोक्यात बसवला तर ते ४.८ किलोवर येतं. त्यात चार डझन टॉवेल बसतात आणि खोक्यासकट काट्यावर ४.९ किलोच्या आसपास भरतात. दोन्ही आकडे पाचाच्या आत! आमची मोठी पायरी इथेच ठरली, ४८ नगांवर.

आता सवलत कुठून निघते ते बघा. आम्हाला मिळणाऱ्या दराने चारच्या पाकिटाला जीएसटी धरून सुमारे ६४ रुपये भाडं पडतं, म्हणजे टॉवेलमागे १६ रुपये. एक डझन दीड किलोत जातं, त्याचे १२० रुपये, म्हणजे टॉवेलमागे १०. चार डझनांच्या पेटीला २४० रुपये लागतात, टॉवेलमागे फक्त ५. किरकोळ विक्री आणि पेटी यांत टॉवेलमागे ११ रुपयांचा फरक आहे. ८ टक्के सवलत दिली तर ६ रुपये ४० पैसे जातात. म्हणजे सवलत पूर्णपणे भाड्यातून निघाली आणि वर साडेचार रुपये आपल्याकडे राहिले. मूळ नफ्याला हातही लागला नाही. म्हणून माझं मत असं झालंय की टक्का आधी ठरवायचाच नाही. आधी खोका ठरवायचा, मग भाड्यातून काय वाचतं ते पाहायचं आणि त्यातलं अर्धं-पाऊण गिऱ्हाइकाला द्यायचं.

मार्केटप्लेसवर मात्र यात एक मेख आहे. तिथे आमच्याकडून पाठवणीचं शुल्क दर युनिटमागे कापलं जातं. कुणी चारची बारा पाकिटं मागवली, तर माल एकाच खोक्यात गेला तरी शुल्क बारा वेळा लागतं. म्हणजे नगांनुसार सवलत आपण देतो आणि भाड्यातली बचत आपल्यापर्यंत येतच नाही. यावर उपाय एकच, ४८ नगांची पेटी हे वेगळं प्रॉडक्ट म्हणून लावायचं. मग पेटी हेच एक युनिट होतं. चारच्या पाकिटावर आम्ही बिझनेस सवलत अगदी नावाला ठेवली आहे.

‘जीएसटी परतावा मिळवा’ अशी पाटी या सोयीत ठळक दिसते. आमच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना तिचा उपयोग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवर ५ टक्के कर आला, पण इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेता येत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलखोल्यांचंही तेच. रेस्टॉरंटला ते आधीपासूनच नाही. दिवाळीला कर्मचाऱ्यांना भेट म्हणून टॉवेल घेणाऱ्या कंपनीला भेटवस्तूंवर क्रेडिट घेता येत नाही. राहिला पुढे विकणारा व्यापारी, त्याला मात्र ते मिळतं. तरीही पक्कं बिल सगळ्यांनाच हवं असतं, कारण खर्च वहीत दाखवायचा असतो. तेव्हा बिल द्या, पण करबचतीच्या जोरावर भाव वर ठेवता येईल असं समजू नका.

सवलत बिलावरच दाखवलेली बरी. मग करही सवलत वजा जाता रकमेवर लागतो. महिन्याअखेर ‘रेटमधला फरक द्या’ म्हणणारे भेटतातच, त्यांच्यासाठी क्रेडिट नोटचं, म्हणजे बिलाची रक्कम नंतर कमी करणाऱ्या कागदाचं, लफडं वाढवायची आमची तयारी नाही. जीएसटी नंबरही पाठवण्याआधी पोर्टलवर तपासतो. जीएसटीआर-१ (आमच्या विक्रीचं विवरण) अकरा तारखेला भरला की चौदा तारखेला व्यापाऱ्याच्या २बी मध्ये (त्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) बिल दिसायला हवं, नाही दिसलं तर पंधराला फोन येतो.

व्यापाऱ्यांवरून आठवलं. बिझनेस भावाने पेटी उचलून त्याच मार्केटप्लेसवर आपल्यालाच दोन रुपयांनी खाली काढणारे महाभाग आहेत. एका ऑर्डरला किती पेट्या यावर मर्यादा घालायची सोय आहे, ती जरूर वापरा. कोटेशन मागणाऱ्यांचंही असंच. ऑफिसातून येणारी बरीच विचारणा तीन कोटेशनं पूर्ण करण्यासाठी असते आणि तिसरं कोटेशन आपलं असतं. आम्ही ठरलेला भाव पाठवतो, रात्र जागवत नाही.

स्वतःच्या साइटवर बिझनेस ऑर्डरला कॅश ऑन डिलिव्हरी बंद आहे. पाच किलोची पेटी नाकारून परत आली की दोन्हीकडचं भाडं आपल्या गळ्यात पडतं. वजनाचे वादही होतात. सैल सुटलेली पेटी कुरिअरच्या मशीनवर फुगीर दिसली की मोठं वजन लागतं. काट्यावरचा आणि मापाची टेप लावलेला फोटो प्रत्येक पेटीचा काढून ठेवला तर बरेच वाद आपल्या बाजूने सुटतात, पण मुदतीत तक्रार टाकावी लागते.

वीस डझनांच्या पुढे कुरिअर नकोच. ट्रान्सपोर्टला गठ्ठा टाकायचा, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) व्हॉट्सॲपवर पाठवायची, भाडं ‘टू पे’, म्हणजे माल घेणाऱ्याने द्यायचं. आमचा ट्रान्सपोर्टवाला सांगतो, “मालक, गोडाऊन डिलिव्हरी लिवा, घरपोच लिवलं की हमालीवरनं भांडणं होत्यात.” त्याचं खरं आहे, फक्त गिऱ्हाइकाला ते ऑर्डरआधी सांगावं लागतं. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, त्याची मर्यादाही बघावी लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतचा माल त्याशिवाय चालतो, पण विजापूर किंवा हैदराबादला जाताना राज्य बदलतं आणि पन्नास हजारांच्या पुढे गेलं की लगेच ते लागतं.

आंघोळीच्या मोठ्या टॉवेलला आम्ही बिझनेस भाव लावलेलाच नाही. तो इतका फुगतो की कुठलाच खोका हिशोबात बसत नाही. छोट्याचंही सगळं गणित ९५ ग्रॅमवर उभं आहे. सुताचा लॉट बदलला की टॉवेल १०२ ग्रॅमचा होतो आणि चार डझनांची पेटी पाच किलोंच्या पार जाते. म्हणून आता यंत्रमागवाल्याकडून माल उचलतानाच डझनाचं वजन घेतो. ते ११५० ग्रॅमच्या वर गेलं, तर तो लॉट ऑनलाइनला लावत नाही, दुकानातच विकतो.